गुरूचे जाणे

वृत्तपत्राच्या क्रीडापृष्ठावर एका कोपऱ्यात दोन-तीन ओळींची एक बातमी वारंवार येत असते. अमुक संघाच्या प्रशिक्षकाचा करार संपुष्टात आला. त्यांच्या जागी तमुक यांची नेमणूक झाली. मावळत्या प्रशिक्षकांना मंडळाने पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या. या वाक्यांच्या व्याकरणाकडे थोडे लक्ष दिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत नेमणारी संस्था असते, जाणारा असतो, येणारा असतो. ज्यांच्या शिक्षणासाठी ही सारी व्यवस्था उभी केलेली असते ते शिकणारे मात्र त्यांत कर्ता म्हणून येत नाहीत, आणि कर्म म्हणूनही येत नाहीत. बातमी त्यांच्या आयुष्यातील एका बदलाची असते, पण ती त्यांच्याविषयीची नसते.

ही अनुपस्थिती केवळ वार्ताहराच्या संक्षेपातून आलेली नाही. तिच्या मागे एक अनिर्णीत नैतिक प्रश्न आहे. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्यास सोडून जाण्याचा अधिकार आहे काय? असल्यास तो कोणत्या मर्यादेत? आणि शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला सोडले तर त्यास कृतघ्नता म्हणावे, की प्रौढपण? क्रीडेचा धंदा जसजसा विस्तारत गेला, नवनव्या लीग, अकादमी आणि संघ उभे राहिले, तसतसा हा प्रश्न अधिक निकडीचा होत गेला. परंतु त्याचा विचार बहुधा जयपराजयाच्या हिशेबातच होत राहिला. संघ जिंकला तर बदल योग्य, हरला तर अयोग्य, एवढ्यावर चर्चा थांबते. नीतीचा प्रश्न निकालाने सुटत नाही, हे सामान्य तत्त्व येथे विसरले जाते.

मराठीत शिकवणाऱ्यासाठी जे शब्द आहेत ते या संदर्भात बोलके आहेत. आखाड्यात ‘वस्ताद’ असतो, मैदानावर ‘सर’ असतात, शासकीय पत्रव्यवहारात ‘प्रशिक्षक’ असतो, आणि गौरवसमारंभात हे सारे एकदम ‘गुरू’ होतात. यांपैकी प्रशिक्षक हे पद आहे. पदावर नेमणूक होते, पदाची मुदत असते, पद रिक्त होते. गुरू हे पद नव्हे, ते नाते आहे. त्याची नेमणूक होत नाही आणि म्हणून त्याची मुदतही संपत नाही. आधुनिक क्रीडाव्यवस्था एकाच माणसाकडून या दोन्हींची अपेक्षा करते. त्याने नात्याच्या निष्ठेने शिकवावे, आणि पदाच्या अलिप्ततेने निघून जावे. तो निष्ठा दाखवतो तेव्हा त्याला गुरू म्हटले जाते. त्याला काढून टाकायचे असते तेव्हा तो प्रशिक्षक असतो.

हा पेच आधुनिक काळाने निर्माण केला असे मानण्याचा मोह होतो. पूर्वी गुरुकुले होती, निष्ठा होती. आता करार आले आणि निष्ठा गेली, अशी एक सोपी मांडणी नेहमी केली जाते. ती तपासून पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. भारत सरकारने १९८५ मध्ये उत्तम प्रशिक्षकांसाठी जो राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला, त्याला नाव दिले ते द्रोणाचार्यांचे. हे नाव सुचले तेव्हा धनुर्विद्येचा श्रेष्ठ आचार्य एवढेच डोळ्यांसमोर असणार. परंतु महाभारतातील द्रोण हे गुरुकुलाचे निरपेक्ष आचार्य नाहीत. ते दारिद्र्याने गांजलेले, द्रुपदाकडून अपमानित झालेले, आश्रय शोधत हस्तिनापुरास आलेले गृहस्थ आहेत. भीष्म त्यांची राजपुत्रांच्या शिक्षणासाठी योजना करतात. म्हणजे राजघराण्याने नेमलेला, त्याच्या अन्नावर असलेला, आणि त्या घराण्याच्या हिताला बांधलेला असा हा शिक्षक आहे. आजच्या भाषेत ते करारबद्ध प्रशिक्षक आहेत.

एकलव्याची कथा या दृष्टीने वाचली म्हणजे तिचा अर्थ अधिक कठोर होतो. तिच्यातील जातीय अन्याय उघडच आहे, आणि त्यावर मराठीतही विपुल लिहिले गेले आहे. पण त्या अन्यायाचे साधन काय झाले, हेही पाहिले पाहिजे. द्रोणांनी अर्जुनाला शब्द दिला होता की, त्याच्या तोडीचा दुसरा धनुर्धर होऊ देणार नाही. नियुक्ती देणाऱ्या घराशी केलेला तो जणू करारच होता, आणि ज्याचा त्या कराराशी काहीही संबंध नव्हता अशा एका मुलाच्या अंगठ्याने तो पाळला गेला. पुढे युद्धारंभी युधिष्ठिर वंदन करण्यास येतो तेव्हा आपण कौरवांच्या अर्थाने बांधले गेलो आहोत, अशी कबुली द्रोण देतात. ही कबुली त्यांच्या व्यक्तित्वातील सर्वांत करुण जागा आहे. शिकवणाऱ्याचे दोन धनी असतात, एक त्याला पोसणारी संस्था आणि दुसरा त्याच्यापुढे बसलेला शिष्य. आणि या दोहोंत विरोध आला म्हणजे किंमत बहुधा शिष्याला मोजावी लागते. हा धडा महाभारताने केव्हाच सांगून ठेवला आहे. पुरस्काराला द्रोणांचे नाव देणाऱ्यांनी नकळत त्या प्रश्नालाही नाव दिले.

हाच पुरस्कार १९९० मध्ये रमाकांत आचरेकर यांना मिळाला. आचरेकरांची कारकीर्द या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूचे उत्तम उदाहरण आहे. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर प्रथम दर्जाचा एकच सामना आहे. स्टेट बँकेत नोकरी आणि दादरच्या शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्लबच्या जाळ्यांत मुलांना शिकवणे, असे त्यांचे आयुष्य गेले. चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर आणि सचिन तेंडुलकर हे त्यांचे विद्यार्थी. १९८४ च्या सुमारास थोरल्या भावाने सचिनला त्यांच्याकडे आणले, तेव्हा तो वांद्र्याच्या शाळेत शिकत होता. क्रिकेटसाठी त्याने दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात यावे, असे आचरेकरांनी सुचवले आणि घराने ते मानले. पुढे जाण्यायेण्याचा त्रास वाचावा म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला.

या घटनेचे परिणाम सर्वांना ठाऊक आहेत, म्हणूनच तिच्याकडे परिणाम बाजूला ठेवून पाहिले पाहिजे. एका शिकवणाऱ्याच्या सल्ल्यावरून एका लहान मुलाची शाळा बदलली, मित्र बदलले, राहण्याचे घरही बदलले. असा सल्ला देण्याचा अधिकार आचरेकरांना कोठून आला? तो मुलगा पुढे यशस्वी झाला म्हणून तो अधिकार सिद्ध होत नाही. कारण अशाच सल्ल्यावरून शाळा बदललेली आणि पुढे कोणाच्या स्मरणातही न राहिलेली मुले मुंबईच्या मैदानांवर थोडी नसतील. तो अधिकार एकाच गोष्टीतून येऊ शकतो. ज्याने दुसऱ्याला स्थलांतर करावयास सांगितले, त्याने स्वतः तेथून हलता कामा नये. आचरेकर हलले नाहीत. शिष्य एका सामन्यातून दुसऱ्या मैदानावर पळत असताना सर स्कूटर घेऊन त्याच्या बरोबर असत. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे. बाद करणाऱ्याने ते घ्यावे, आणि सराव संपेपर्यंत कोणी बाद केले नाही तर ते सचिनचे. या प्रसिद्ध प्रथेतील शिस्त जेवढी महत्त्वाची, तेवढेच दिवसाअखेरीस तेथे उभे राहणेही महत्त्वाचे होते. शालेय वयातील मुलाशी असलेल्या नात्याचा मुख्य आशय उपस्थिती हाच असतो.

याउलट व्यावसायिक क्रीडेत उपस्थिती ही वाटाघाटीची बाब होते. भारतीय हॉकीतील एक प्रसंग या दृष्टीने चिंतनीय आहे. हॉलंडचे शोर्ड मरीने हे २०१७ च्या आरंभी भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुरुष संघाच्या प्रशिक्षकाला दूर करण्यात आले आणि मरीने यांना तेथे हलवण्यात आले. महिला संघ हरेंद्रसिंग यांच्याकडे सोपवण्यात आला. त्यांच्या हाताखाली महिलांनी त्याच वर्षी आशिया चषक जिंकला. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुष संघ पदकाविना परतला, तेव्हा मे महिन्यात दोघांची अदलाबदल झाली. मरीने पुन्हा महिलांकडे आले, हरेंद्रसिंग पुरुषांकडे गेले. जानेवारी २०१९ मध्ये हरेंद्रसिंगही गेले. दीड वर्षाच्या आत दोन संघांतील मुलामुलींनी किती वेळा नव्याने सुरुवात केली असेल, याची कल्पना करता येते. महिला संघ २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मरीने यांच्याच मार्गदर्शनाखाली चौथा आला, म्हणून ही अदलाबदल सफल झाली असेही कोणी म्हणेल. पण त्या खेळाडूंना विचारून कोणी काही केले होते काय? महिला संघाच्या प्रशिक्षकाला पुरुष संघाची गरज भासताच उचलून नेता येते, या निर्णयातच त्या संघाची किंमत सांगितली गेली होती. शिकवणाऱ्याच्या बदल्या म्हणजे संस्थेच्या मनातील उतरंडीचा नकाशा असतो, तो असा.

मात्र येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. करारावर एवढी टीका करताना नात्याचे उदात्तीकरण होत नाही काय? गुरुशिष्यनाते हे निष्ठेचे नाते होते, तसेच ते सत्तेचेही नाते होते. गुरूच्या शब्दापुढे शब्द नाही, गुरूला सोडणे म्हणजे पाप, ही धारणा कित्येकांच्या गुदमरण्याचे कारण झाली आहे. ज्या नात्यातून बाहेर पडता येत नाही, त्या नात्यातील निष्ठेला नैतिक मूल्य किती? कराराने आणलेली मोठी गोष्ट ही की, दोघांनाही दार उघडे राहिले. हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

सायना नेहवाल यांचे उदाहरण या ठिकाणी उपयोगी पडते. हैदराबादेत पुल्लेला गोपीचंद यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. २०१४ मध्ये त्या गोपीचंदांना सोडून बेंगळुरूस विमलकुमार यांच्याकडे सरावास गेल्या. त्या वेळी कृतघ्नतेचा सूर लावणारे लोक निघालेच. परंतु २०१५ मध्ये त्या जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचल्या आणि जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. २०१७ मध्ये त्या पुन्हा गोपीचंदांकडे परतल्या. या तीन वर्षांच्या कथेतील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे हे परतणे. जो शिष्य जाऊ शकत नाही, त्याच्या राहण्याला अर्थ नसतो. जो गुरू परत घेऊ शकत नाही, त्याच्या निरोपाच्या आशीर्वादालाही अर्थ नसतो. दार उघडे असणे याचा अर्थ बाहेर पडण्यास उघडे असणे एवढाच नव्हे.

त्याच वर्षी क्रिकेटमध्ये याच्या उलट दृश्य दिसले. अनिल कुंबळे यांनी भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षकपद जून २०१७ मध्ये वर्षभरातच सोडले. कर्णधाराला आपल्या कार्यपद्धतीविषयी आक्षेप आहेत हे मंडळाकडून प्रथमच समजले, आणि ही जोडी पुढे टिकण्यासारखी नाही, असे त्यांनी आपल्या निवेदनात स्पष्ट केले. येथे जाणारा शिकवणारा होता आणि त्याला जाणे भाग पाडणारी शक्ती शिकणाऱ्यांच्या बाजूची होती. या प्रकरणात दोष कोणाचा, याचा निवाडा बाहेरच्याने करू नये. परंतु एक गोष्ट त्यातून उघड होते. सत्ता नेहमी शिकवणाऱ्याच्याच हाती असते असे नाही. प्रौढ, यशस्वी आणि लोकप्रिय खेळाडूंच्या संघात ती उलट दिशेनेही वाहते. म्हणून प्रश्न गुरूचा की शिष्याचा, असा नाही. प्रश्न असा की, ज्याच्या हाती सत्ता आहे तो ती वापरताना दुसऱ्याशी समोरासमोर बोलतो की नाही. मंडळामार्फत कळलेला आक्षेप हा आक्षेप राहत नाही, तो निर्णय होतो.

शिकवणारा जातो तेव्हा तो काय घेऊन जातो, हा या विषयाचा आणखी एक पदर आहे. कुस्तीच्या परंपरेत एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. वस्तादाने पठ्ठ्याला सारे डाव शिकवले, पण एक राखून ठेवला. पठ्ठा उन्मत्त होऊन वस्तादालाच आव्हान देऊ लागला, तेव्हा त्या राखलेल्या डावाने वस्तादाने त्याला चीत केले. ही गोष्ट शिष्याच्या उन्मत्तपणाविषयी म्हणून सांगतात. वस्तुतः ती विद्येच्या मालकीविषयी आहे. विद्या ही शिकवणाऱ्याची मालमत्ता आहे, आणि ती पुरती देऊन टाकणे धोक्याचे आहे, असे ती सुचवते. राष्ट्र, राज्य, क्लब यांच्या निष्ठेच्या भाषेत हीच कल्पना वेगळ्या रूपाने येते. आपला प्रशिक्षक दुसरीकडे गेला म्हणजे आपला डाव गेला, असे वाटू लागते.

२०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिला कबड्डी संघाने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवले. त्यापूर्वी २०१० आणि २०१४ अशी दोन्ही सुवर्णपदके भारतीय महिलांनी जिंकली होती. विजेत्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. ज्या खेळाला महाराष्ट्र आपल्या मातीतला खेळ म्हणतो, त्या खेळात महाराष्ट्रातील एका स्त्रीने परदेशी मुलींना शिकवून भारताचा पराभव घडवला, अशा शब्दांत ही घटना मांडता येते, आणि तशी ती मांडली की तिच्याभोवती एक अपराधाची छाया पडते. पण ज्या मुलींपुढे त्या उभ्या होत्या, त्यांच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. शिकवणाऱ्याने समोर बसलेल्या विद्यार्थ्याला आपल्याजवळचे सर्व द्यावे, एकही डाव राखू नये, हाच त्याचा धर्म आहे. इराणच्या मुलींना शिकवताना मायदेशासाठी एखादा डाव मागे ठेवला असता, तर तो देशाभिमान ठरला नसता. तो द्रोणांच्या अंगठा मागण्याचाच एक सौम्य प्रकार झाला असता.

देशाच्या सीमेबाबत जे खरे, ते राज्याच्या सीमेबाबत अधिकच खरे आहे. आचरेकरांचे शिष्य चंद्रकांत पंडित यांनी मुंबईच्या संघाला २०१५-१६ च्या हंगामात रणजी करंडक मिळवून दिला. पुढच्या हंगामात अंतिम फेरीत हार झाली आणि २०१७ मध्ये मुंबईने दुसरा प्रशिक्षक नेमला. पंडित विदर्भाकडे गेले, आणि ज्या विदर्भाने पूर्वी कधी हा करंडक पाहिला नव्हता, त्याने तो २०१७-१८ व २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा जिंकला. नंतर ते मध्य प्रदेशाकडे गेले. याच मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून १९९९ मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर ते रणजीचा अंतिम सामना हरले होते. त्याच मैदानावर जून २०२२ मध्ये त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात मुंबईचा पराभव करून आपला पहिला रणजी करंडक जिंकला. शिवाजी पार्कवर मिळालेली शिस्त अशा रीतीने नागपूर आणि इंदूरपर्यंत गेली, आणि फिरून मुंबईच्याच विरुद्ध उभी राहिली. यात मुंबईचे नुकसान झाले असे कोणास वाटेल. परंतु ज्या गावांत गुरू नव्हता, त्या गावांतील मुलांच्या दृष्टीने शिकवणाऱ्याचे स्थलांतर हाच विद्येच्या प्रसाराचा मार्ग आहे. गुरू कोठेच गेला नसता, तर विद्या एका मैदानाच्या कुंपणात राहिली असती.

म्हणजे जाणे हे स्वभावतः पाप नाही. नव्या कामाची ओढ, अधिक वेतन, कुटुंबाची गरज, एखाद्या नव्या संघाची उभारणी करण्याचे आव्हान, ही सारी प्रामाणिक कारणे आहेत. शिक्षकाने मात्र गरिबीत राहून एकाच जागी झिजावे, ही अपेक्षा त्याचा गौरव करीत नाही, त्याचे शोषण करते. मग अनीती कोठे सुरू होते? अमेरिकेतील दोन उदाहरणांतून या प्रश्नाला एक रेखीव उत्तर मिळते.

डिसेंबर २००७ मध्ये अटलांटाच्या व्यावसायिक फुटबॉल संघाचे प्रशिक्षक बॉबी पेट्रिनो हे हंगामातील तेरा सामने झाल्यावर, अजून सामने शिल्लक असताना, आर्कान्सा विद्यापीठाच्या संघाकडे निघून गेले. खेळाडूंना सकाळी आपापल्या कपाटापाशी चार ओळींचे एकसारखे पत्र मिळाले. प्रौढ, पगारी खेळाडूंनाही ते लागले. आणि लागले ते जाणे नव्हे, तर ते पत्र. दुसरे उदाहरण नियमाचे आहे. अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडेत फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या मोठ्या खेळांत विद्यार्थ्याने महाविद्यालय बदलले तर त्याला सामान्यतः एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे लागे. ज्याच्या शब्दावर विश्वासून तो तेथे आला, तो प्रशिक्षक मात्र हवे तेव्हा दुसऱ्या विद्यापीठाचा मोठा करार स्वीकारून दुसऱ्याच आठवड्यात तेथे शिकवू शके. २०२१ मध्ये हा नियम शिथिल झाला. नव्या मोकळिकीतून संघ दरवर्षी उधळले जातात, अशी तक्रार आता तेथे होते. परंतु ती तक्रार करणाऱ्यांनी हे आठवावे की, निष्ठेचा उपदेश इतकी वर्षे फक्त एकाच पक्षाला केला जात होता. ज्याला जाण्याचे स्वातंत्र्य आहे त्याने, ज्याला ते नाही त्याला निष्ठा शिकवणे, ही या विषयातील मूळ अनीती होय.

हे तत्त्व हाती आले म्हणजे शाळेच्या मैदानाचा प्रश्न वेगळ्या प्रकाशात दिसतो. प्रौढ खेळाडूच्या बाबतीत स्वातंत्र्य समान करता येते. त्यालाही करार असतो, त्यालाही दुसरा प्रशिक्षक शोधता येतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही समानता नियमाने आणता येत नाही. तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेत क्रीडाशिक्षक हौसेने खो-खोचा संघ उभा करतात. सकाळी शाळेपूर्वी मैदान आखतात, मुलींच्या घरी जाऊन आई-वडिलांची समजूत घालतात, जिल्हास्पर्धेला एस.टी.ने नेतात आणि रात्री प्रत्येकीला घरापर्यंत पोहोचवतात. जूनमध्ये त्यांची बदली होते, किंवा शहरातील एखाद्या नव्या अकादमीत त्यांना अधिक पगाराची जागा मिळते. शाळा सुरू होते, मैदान असते, पण पाठलाग करणारीला हाक मारणारा आवाज नसतो. महिन्याभरात घरचे म्हणतात, सर गेले ना, मग आता कशाला जायचे मैदानावर. त्या मुलीच्या दृष्टीने खेळ संपलेला असतो. आणि त्याची नोंद कोठल्याही वृत्तपत्राच्या कोपऱ्यात होत नाही.

त्या शिक्षकाने जाऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु ज्या नात्यात एकालाच जाता येते, त्यात जाणाऱ्यावर तीन कर्तव्ये उरतात. त्याने जाण्याचा निर्णय शिष्यांना स्वतःच्या तोंडाने, समोर बसून, कारणासह सांगितला पाहिजे. मूल लहान आहे म्हणून त्याला कळणार नाही, ही सबब असते. दुसरे, आपल्या जागी कोण उभे राहील याची त्याने आपल्या शक्तीनुसार तजवीज केली पाहिजे, निदान संस्थेला त्याची जाणीव करून दिली पाहिजे. आणि तिसरे, जे सर्वांत कठीण आहे आणि जे निरोपाच्या दिवशी करता येत नाही, ते हे की, पहिल्या दिवसापासून त्याने असे शिकवले पाहिजे की आपल्यावाचून त्यांचे अडू नये. शिष्याला आपल्यावर अवलंबून ठेवणारा गुरू लोकप्रिय होतो. पण तो गेला की मागे काही उरत नाही. संस्थेचे कर्तव्यही याच मापाने ठरते. बदलीचा कागद काढणाऱ्याने वर्षाच्या मध्यावर एखादा वर्ग शिक्षकावाचून ठेवता येत नाही हे जसे मानले आहे, तसे मैदानाबाबतही मानले पाहिजे. मैदान हा वर्गच आहे, ही गोष्ट भाषणांत मान्य होते. बदल्यांच्या यादीत ती अद्याप मान्य झालेली नाही.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अखंडित भागीदारी केली. त्या दोन दिवसांत तिसरा एक मुलगा पॅड बांधून बसून होता. पुढची पाळी त्याची होती आणि ती आलीच नाही. अमोल मुझुमदार हे त्याचे नाव. पुढे प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यांनी अकरा हजारांहून अधिक धावा केल्या. मुंबईनंतर आसाम व आंध्र यांच्याकडून ते खेळले. भारताकडून खेळण्याची पाळी मात्र आली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यापूर्वीच्या पाच-सहा वर्षांत या संघाने तुषार आरोठे, रमेश पोवार, डब्ल्यू. व्ही. रामन आणि पुन्हा पोवार अशी प्रशिक्षकांची ये-जा पाहिली होती, आणि २०२२ च्या अखेरीपासून तर मुख्य प्रशिक्षकाची जागा कित्येक महिने रिकामीच होती. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत याच संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून पहिला विश्वचषक जिंकला.

विजय मिळाला म्हणून ही हकिगत येथे सांगितलेली नाही. निकालाने नीती सिद्ध होत नाही, हे आरंभीच म्हटले आहे. ती सांगण्याचे कारण वेगळे आहे. आचरेकर २ जानेवारी २०१९ रोजी गेले. गुरूचे ते शेवटचे जाणे. त्याला कोणताही करार लागू होत नाही. तरी त्यांनी शिकवलेला, आणि पाळी न आलेला, एक मुलगा सहा वर्षांनी दुसऱ्यांच्या मुलींना पाळी येईपर्यंत कसे बसावे आणि ती आल्यावर कसे उभे राहावे हे शिकवत होता. पद रिक्त होते, नेमणूक संपते, दुसऱ्या गावी दुसरे काम सुरू होते. हे सारे होतच राहणार. शिष्याला आपल्यामागे उभे राहता येईल एवढे देऊन जो जातो, त्याचे जाणे त्या शिष्याला सहन करता येते. त्याहून कमी देऊन, आणि न सांगता, जो जातो, त्याच्या कराराची भाषा कितीही निर्दोष असली तरी त्याने काहीतरी नेलेले असते, आणि ते त्याचे नसते.